विसाव्या थराखाली

तेतचा, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सणाचा, नववा दिवस, मंगळवार. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी क्वेनने ठेंगण्या लाकडी घोडीवर चित्राची फळी आडवी ठेवली, तिच्यावर पाणी ओतले आणि पॉलिश पेपरने घासायला सुरुवात केली. त्या वेळी कारखान्यात तीन माणसे होती. क्वेन स्वतः, वय एकसष्ट. तिची भाची मिएन, वय अडतीस, जी दमट खोलीची किल्ली सांभाळते. आणि लू, वय चौऱ्याहत्तर, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रे घासून दिली.

ही बातमी दुपारपर्यंत दोंग सा गावभर झाली. तिच्याबरोबर दुसरीही फुटली, की त्याआधीचे एकोणीस महिने क्वेनने काहीच काम केलेले नव्हते. लोकांना दुसरी बातमी पटेना. कारण हे एकोणीस महिने ती रोज सकाळी कारखान्यात जात होती आणि संध्याकाळी काळ्या हातांनी परत येत होती.

रोगणाच्या चित्रात घासणे हेच शेवटचे आणि खरे काम असते. लाल हिंगूळ, चांदीचा वर्ख, बदकाच्या अंड्यांची टरफले हे सगळे फळीवर बसवायचे. मग त्यावर झाडाच्या चिकाचे रोगण फासून सगळे चित्र झाकून टाकायचे. ते वाळले की पाणी घालून घासत घासत झाकलेले चित्र वर आणायचे. कमी घासले तर चित्र दिसत नाही, जास्त घासले तर चित्रच निघून जाते. मधली जागा हाताला कळावी लागते.

क्वेनचे काम बंद आहे हे पहिल्यांदा कळले ते एका खाचेमुळे.

आमच्या दमट खोलीत चौदा लोखंडी खाचा आहेत. रोगण कोरड्या हवेत वाळत नाही, त्याला ओल लागते. म्हणून खोलीला ओले पडदे लावतात आणि चित्रे खाचांमध्ये उभी ठेवतात. प्रत्येक खाच एकेकाच्या नावावर असते. नियम जुना आहे: कलेच्या मूळपुरुषाच्या श्राद्धाला, म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या चोवीस तारखेला, ज्याने लागोपाठ दोन वर्षे पुरे झालेले चित्र ठेवले नाही, त्याची खाच पुढच्या माणसाला जाते. अकरावी खाच क्वेनची. त्याआधी तिच्या वडिलांची. मागच्या वर्षी तिने चित्र ठेवले नव्हते. पुढच्या माणसांच्या यादीत पहिले नाव मिएनचे आहे, आणि मिएनने हे कधी कुणापासून लपवलेले नाही.

बाराव्या महिन्यात, तेतच्या तीन आठवडे आधी, मिएन चहाच्या टपरीवर लूच्या समोर येऊन बसली.

"लू काका, फळ्या फुगतात का हो?"

"लाकूड फुगतं. आपल्या फळ्या नाही फुगत. का?"

"आत्याची फळी खाचेत जात नाहीये."

"खाच आकसली असेल."

"खाच लोखंडाची आहे."

"मग उलटी घालत असशील."

"अठरा वर्षं फळ्या ठेवतेय काका. एक वेळ जेवणाच्या काड्या उलट्या धरून भात खाईन."

लूने पेल्यातला चहा संपवला, शेंगदाण्याचा चिकट भात केळीच्या पानात गुंडाळून खिशात टाकला आणि तिच्याबरोबर निघाला.

फळी भिंतीला टेकून उभी होती. वरून पाहिले तर नुसती काळी, गुळगुळीत, आरशासारखी. तोंड दिसावे इतकी. लूने समोरून पाहिलीच नाही. त्याने तिची कड पाहिली आणि कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले. मग कुणालाही न विचारता चित्राबाहेरचा एक कोपरा पाणी लावून तिरका घासला. घासलेल्या उतारावर पट्टे दिसू लागले. काळा, तपकिरी, काळा, काळा, पुन्हा तपकिरी. तपकिरीला आमच्याकडे झुरळाच्या पंखाचा रंग म्हणतात, आणि तो तसाच असतो.

लूने सुईच्या टोकाने पट्टे मोजले; एक पट्टा म्हणजे रोगणाचा एक थर. दोनदा सत्तावीस आले, एकदा सव्वीस. सत्तावीस धरले.

क्वेन आली तेव्हा दोघे फळीपाशीच उभे होते. तिने दारात चपला काढल्या आणि आधी कोपऱ्याकडे पाहिले.

"कोपरा कुणी घासला?"

"मी," लू म्हणाला. "सत्तावीस."

"मला वाटलं वीसेक असतील."

"झाकायला एक पुरतो. भित्रा माणूस दोन देतो."

"माहितेय, दादा."

"मग ही काय गोधडी शिवत होतीस?"

क्वेनने पुढे जे सांगितले ते मिएनने आणि लूने वेगवेगळे सांगितले तरी जुळते, म्हणून इथे देतो.

दोन वर्षांपूर्वी क्वेनने पुलाचे एक चित्र केले होते. ते घासताना पुलाच्या मधोमध तिचा हात टरफलांतून, वर्खातून थेट फळीवरच्या मातीच्या अस्तरापर्यंत गेला. बाहेरगावची पाहुणी माणसे बघत उभी होती. चित्र वाया गेले याचे तिला तितके वाटले नाही. चित्रे जातात. तिला वाटले ते वेगळेच.

"हाताला कळलंच नाही, दादा. पाणी बदललेलं डोळ्यांनी पाहिलं. हात तसाच चालू होता. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं."

त्यानंतर तिने हे चित्र केले. नदीचा घाट, सहा होड्या. चित्र झाले, झाकायचा थर दिला, तोही वाळला. आता घासायचे.

"रोज ठरवून यायचे. पाणी भरायचे. मग वाटायचं, अजून एक थर देऊ, म्हणजे घासताना हाताखाली थोडी जाडी राहील. थर दिला की आठवडा सुटला. तो वाळला की परत पाणी भरायचे."

"आणि मधले दिवस?"

"चीक घोटायचे. कढईत."

लोखंडी कढईत लोखंडी दांड्याने चीक घोटत राहिले की तो काळा होतो. त्या कामाला दिवसच्या दिवस लागतात आणि हात कोपरापर्यंत काळे होतात. गावाने एकोणीस महिने पाहिले ते हे हात.

"आत्या, सांगायचंत तरी," मिएन म्हणाली.

"तुला? तू रांगेत पहिली."

"म्हणूनच. मला खाच हवी आहे, पण फुगलेल्या फळीमुळे मिळालेली नको. लोक म्हणतील भाचीनंच फळीला पाणी पाजलं."

लू हसला नाही. तो अजून कडेकडे बघत होता.

"तुझ्या हाताला कळत नाही ना?" तो म्हणाला. "मग डोळ्यांनी घास. पांढरा वाडगा घे. फडकं त्यात पिळायचं. काळं पाणी आलं, चालू दे. चहासारखं आलं, चालू दे. लाल आलं किंवा चांदी चमकली, तिथून हात उचल आणि शेजारी घास. वाडगा भरला की घरी जा. हात कितीही छान चालत असला तरी."

"आणि चालत नसला तर?"

"वाडगा तर भरायचाच. दिवसाला एक."

"एका वाडग्यानं काय होणार? दुसऱ्या महिन्याच्या चोवीसला चित्र ठेवायचंय."

"इतक्या महिन्यांत एकही वाडगा भरला नाहीस. त्यापेक्षा एक जास्त."

त्याने पंचांग पाहून तेतचा नववा दिवस काढून दिला, सकाळी सात ते नऊ. मिएन म्हणाली, काकांना पंचांग बरे पाठ आहे, रक्तदाबाची गोळी तेवढी आठवत नाही.

पहिल्या दिवशी क्वेनने वाडगा भरायला दोन तास दहा मिनिटे घेतली. हे मिएनच्या वहीत आहे. ती वही दमट खोलीची. कधी पडदे भिजवले, भिंतीला किती ओल होती, कुणाची फळी आत गेली हे त्यात असते. नवव्या तारखेपासून तिने त्यात आणखी एक रकाना आखला: आत्याचे पाणी. पहिले अकरा दिवस त्यात एकच शब्द आहे, काळे. दुसऱ्या दिवशी पुढे लिहिले आहे, 'रडल्या, पण वाडगा भरला.' तो शेरा नंतर खोडलेला आहे, तरी वाचता येतो.

बाराव्या दिवशी तपकिरी. चौदाव्या दिवशी पुन्हा काळे. सोळाव्या दिवशी दोन्ही.

त्या सुमारास ओलीचे दिवस लागले. भिंतींना घाम फुटला, फरशीवर पाय घसरू लागले, वाळत घातलेले कपडे आठवडाभर दोरीवर राहिले. सगळा गाव कुरकुरत होता, चित्रकार सोडून. आम्हाला हीच हवा लागते.

विसाव्या दिवसानंतर कारखान्यात कुणी ना कुणी काही तरी मागायला येऊ लागले. कुणाला ब्रश हवा असायचा, कुणाला चाळणी. खरे तर सगळ्यांना फळी बघायची होती. क्वेनचा हात जिथे जड पडला होता तिथे आठ थर गेले होते, जिथे हलका तिथे तीन. त्यामुळे काळ्या-तपकिरी कड्यांचे एक विचित्र चित्र वर आले होते, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखे. एकात एक, एकाला खेटून दुसरे, काही ठिकाणी नखाएवढे, काही ठिकाणी ताटाएवढे. असे कुणी काढलेले नव्हते. काढता येण्यासारखेही नव्हते.

"आत्या, हे कुठपर्यंत असं?" मिएनने विचारले.

"मला काय माहीत? मी पण पहिल्यांदाच बघतेय."

मिएन सांगते की हे वाक्य क्वेन ज्या आवाजात बोलली तो आवाज तिने बऱ्याच महिन्यांनी ऐकला.

सव्विसाव्या वाडग्याला, म्हणजे दुसऱ्या महिन्याच्या चौथ्या तारखेला, पाणी लाल झाले.

लूने सांगितल्याप्रमाणे क्वेनने हात उचलला. उजव्या बाजूला, खालच्या कडेपासून दोन वितींवर, तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका होता. तिने चित्राचा कच्चा कागद आणून फळीवर धरला. त्या जागी कागदावर नुसते पाणी होते. होडी नाही, माणूस नाही, काही नाही. आणि अडचण एवढीच नव्हती. लूने ठिपक्याभोवतीची कडी मोजली. वरचे आठ थर गेले होते. म्हणजे हा लाल रंग मूळ चित्रात नव्हताच. तो एकोणिसाव्या थरावर होता, विसाव्याच्या खाली. घाटाच्या आणि या लाल रंगाच्या मध्ये एकोणीस थर होते.

"तू मध्येच हिंगूळ लावलास?" लूने विचारले.

"नाही."

"नीट आठव."

"काळं आणि तपकिरी. दुसरं काही हातात घेतलं नाही. घेतलं असतं तर त्याला काम म्हटलं असतं ना मी."

"मग ब्रश नीट धुतला नसशील. शिंतोडा उडाला असेल."

"मी ब्रश नीट धुतला नाही?"

"बरं, मिएननं लावला."

"मला हिंगूळ परवडत नाही काका," मिएन म्हणाली. "आणि आत्याच्या फळीला हात लावून जगायचं कुठं?"

मग ती वहीची मागची पाने उलटू लागली. मागच्या वर्षीच्या आठव्या महिन्याच्या पुनवेशी ती थांबली. त्या दिवशी पोरे कंदील घेऊन गल्लीत हिंडत होती. मिएन दारातच पडदे पिळत होती. वहीत लिहिले होते: आत्याने दोन वर्ख नेले.

"चांदीचे दोन वर्ख नेले होतेत तुम्ही. माझ्याकडून."

"ते देवघराच्या चौकटीला."

"चौकट तर अजून तशीच उडालेली आहे. तेतला मीच पुसली."

क्वेनने फळीकडे पाहिले, मग आपल्या उजव्या हाताकडे. त्या पुनवेच्या सुमारास कितवा थर चालू होता याचा लूने बोटांवर हिशोब केला. अठरा ते वीसच्या मध्ये कुठे तरी.

"शिंतोडा असेल तर लालच्या खाली काळंच निघेल," तो म्हणाला. "तूच लावला असशील तर खाली चांदी निघेल. तू लालखाली नेहमी चांदी घालतेस. तुझे वडीलही घालायचे."

"आणि चांदी निघाली तर?"

"तर पुनवेच्या दिवशी तू काही तरी काढत होतीस."

"मला न कळता?"

"तुझ्या हाताला तुझं कळत नाही, तुला हाताचं. सारखंच झालं."

त्या दिवशी क्वेनने दुसरा वाडगा मागितला. लूने दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सात वीसऐवजी सहा पन्नासला येऊ लागली, पण फळीपाशी बसायची सात वीसलाच. मधली तीस मिनिटे ती फळी उजेडात तिरकी धरून बघायची. लाल जागा तिने घासली नाही. तिच्याभोवतीने जात राहिली, जेवणाच्या वाडग्याच्या कडेला चिकटलेले भाताचे शित सोडून बाकीचे भांडे घासावे तशी. ठिपका दाण्याएवढा होता तो चौदा दिवसांत अंगठ्याच्या नखाएवढा झाला, आणि त्याला एक टोक आले. ते टोक वरच्या बाजूला वळते. त्याच्या पुढचा भाग अजून थरांखाली आहे.

अठराव्या तारखेला, शनिवारी, थाच आला. तो चित्रकारांच्या संघाचा प्रमुख, श्राद्धाला ठेवायच्या चित्रांची यादी करतो. तो दारातूनच बोलत आत येतो. त्या दिवशीही बोलत आला आणि फळीसमोर थबकला.

"हे काय, क्वेनताई?"

"एकोणीस महिने."

थाच वाकला, एका गुडघ्यावर बसला, चष्मा काढून पुन्हा लावला. "हे असंच ठेवा. आता एक चरासुद्धा मारू नका. कोळशाची पूड लावून तळव्यानं चकाकी आणा आणि चोवीसला मांडा. असं काम गावात कुणी केलेलं नाही."

"शुद्धीवर असताना कोण करेल?" लू म्हणाला.

"नाव लिहू?" थाचने विचारले.

"हे लाल बघितलंत का?" क्वेनने विचारले.

"बघितलं. छान आहे. राहू दे."

"ते काय आहे ते माहीत नाही."

"बघणाऱ्याला कशाला माहीत हवं?"

"मला हवं ना."

थाचने सुस्कारा सोडला. त्याने बोटांवर दिवस मोजून दाखवले. तळव्याने चकाकी आणायला चार दिवस. म्हणजे घासणे वीस तारखेला थांबले पाहिजे. लालच्या मागे गेलात तर आजूबाजूची कडी जातील, तो सगळा भाग त्याच पातळीला आणावा लागेल, आणि ते चोवीसपर्यंत होणार नाही. "अकरावी खाच जाईल ताई. दुसरं वर्ष आहे. मी नियम बदलू शकत नाही. बदलला तर माझ्या दारात चाळीस माणसं उभी राहतील."

"बदला असं मी म्हटलं नाही."

थाचने मिएनकडे पाहिले. "तुझी तर लॉटरी लागली पोरी."

"लागली तर घेईन," मिएन म्हणाली. "पण त्या लालखाली काय आहे ते बघितल्याशिवाय झोप लागणार नाही, तेही खरं."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मी पडदे भिजवते काका. बाजू तुम्ही ठरवा."

क्वेन म्हणाली, सोमवारी सांगते. थाच गेल्यावर तिने त्या दिवसाचा वाडगा भरला. चाळिसावा. वहीत: 'काळे, तपकिरी. लालला हात लावला नाही.' रविवारीही तेच.

आज सोमवार, वीस तारीख. रविवारी संध्याकाळी मिएनने कोळशाची पूड फडक्यातून दोनदा चाळून ठेवली होती. सकाळी तिने फळीच्या एका बाजूला ती पूड ठेवली आणि दुसऱ्या बाजूला पांढरा वाडगा. क्वेन सहा पन्नासला आली. सात वाजेपर्यंत तिने दोन्हींपैकी कशालाही हात लावला नाही. लूने तिला चहा दिला, तो तिने घेतला. मग तिने दोघांना बाहेर जायला सांगितले आणि दार लोटून घेतले. घासताना तिने दार लावल्याचे कुणाला आठवत नाही.

सात वाजून वीस मिनिटांनी पाणी ओतल्याचा आवाज आला.

आठ वाजायला पाच मिनिटे असताना दार फटीएवढे उघडले आणि भरलेला वाडगा बाहेर आला. मिएनने तो ओतण्याआधी उजेडात धरला. पाणी लाल होते. तळाशी चांदीचे कण होते असे मिएन म्हणते. लू म्हणतो, त्याने चष्मा आणला नव्हता.

मिएनने वाडगा धुतला. आतून क्वेनने दुसरा मागितला. लूने या वेळी काय उत्तर दिले याबद्दल दोघांचे एकमत नाही. पण वाडगा आत गेला.

थाच नऊ वाजता येऊन बाहेरच्या बाकावर बसला आहे. त्याच्या यादीत तेरा नावे लिहून झाली आहेत. अकराव्या खाचेपुढची ओळ कोरी आहे. दार अजून लोटलेले आहे आणि आतून घासण्याचा आवाज येतो आहे.